वाचलेला वेळ कोणाचा?

पुणे-नगर रस्त्यावर वाघोली येथे सकाळी नऊच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिले, तर श्रमाचे एक असे रूप दृष्टीस पडते, ज्याची दखल आपल्या चळवळीने अद्याप पुरेशी घेतलेली नाही. हे गाव पूर्वी दगडखाणींसाठी आणि खडीच्या गाड्यांसाठी ओळखले जाई. पुढे शेतजमिनींवर पत्र्याच्या गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठोपाठ उंच इमारती आल्या, आणि २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. येथल्या गोदामांतून आणि एजन्सींतून साबण, बिस्किटे, मसाले, रंग, औषधे यांची विक्री करणारी कितीतरी माणसे रोज सकाळी मोटारसायकलींवर बाहेर पडतात. निघण्यापूर्वी प्रत्येक जण फाटकापाशी थांबतो, खिशातून मोबाईल काढतो आणि तो चेहऱ्यासमोर धरून स्वतःचे छायाचित्र घेतो. अनोळखी माणसाला ही हौस वाटेल. ती हौस नव्हे, ती हजेरी आहे.

निवृत्तीनंतर आम्ही याच भागात राहावयास आलो. केसनंद फाट्यावरच्या चहाच्या दुकानात अशाच एका विक्रेत्याची ओळख झाली. चाळिशी उलटलेले हे गृहस्थ पंधरा-सोळा वर्षे बिस्किटांची लाइन करीत आहेत. मोबाईल आल्याने काम सोपे झाले का, असे आम्ही विचारले. ते मनापासून म्हणाले, "झालं की सर. पूर्वी दिवसभर ऑर्डरी वहीत लिहायच्या, कार्बन घालून. संध्याकाळी गोदामावर येऊन सगळी वही उतरवून द्यायची. दीड तास जायचा. आता दुकानात उभ्या उभ्या ऑर्डर जाते." आम्ही म्हणालो, "म्हणजे तुम्ही आता दीड तास लवकर घरी जात असाल." त्यावर ते हसले. "नाही सर. तेव्हा रोजची तीस दुकानं होती, आता पंचेचाळीस आहेत."

सारे अर्थशास्त्र शिकवून झाल्यावर एवढे नेमके उदाहरण आम्हाला चहाच्या दुकानात मिळावे, याची गंमत वाटली आणि थोडी शरमही. पंधरा दुकाने वाढली. एका दुकानात सहा मिनिटे धरली तर बरोबर नव्वद मिनिटे होतात. यंत्राने वाचवलेला दीड तास यंत्राच्या मालकाने मोजून परत घेतला. नगर रस्त्यावरच्या वाहतुकीत जाणारा जादा वेळ तर या हिशेबात धरलेलाच नाही. काम दीडपट झाले, मग पगार दीडपट झाला का? "पगार वाढला, पण महागाईने जेवढा वाढायचा तेवढाच," हे त्यांचे उत्तर. मोबाईलच्या उपकारांविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात हा एक प्रश्न सहसा येत नाही. वाचलेला वेळ कोणाचा?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी यंत्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. ते न देता टीका करणे हा आपल्या मंडळींचा जुना दोष आहे, आणि त्यामुळे कामगारच आपल्याला हसतो. आमचा एक वर्गमित्र १९८०च्या दशकात औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मराठवाड्यात फिरत असे. एस.टी.चा प्रवास, लॉजमधला मुक्काम, रात्री बल्बच्या उजेडात दिवसभराच्या भेटींचा अहवाल लिहून सकाळी तो मुंबईला टपालाने धाडावयाचा, हा त्याचा क्रम. खर्चाचे पैसे पुढच्या महिन्यात केव्हातरी हाती पडत. त्याचे वडील गेले तेव्हा घरून केलेली तार तो ज्या गावाहून निघून गेला होता त्या गावी पोचली, आणि तेथून ती त्याच्यामागे फिरत राहिली. अंत्यदर्शन त्याला मिळाले नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले आणि देशात या सेवेचा आरंभ झाला. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज ती फिरत्या माणसाच्या खिशात आहे, आणि घरची बरी-वाईट बातमी त्याला कोणत्याही गावी क्षणात कळते. या एका गोष्टीचे मोल पैशांत करता येणार नाही.

कामाच्या बाबतीतही फायदा खरा आहे. कोणता माल गोदामात शिल्लक आहे, कोणत्या मालावर कोणती स्कीम चालू आहे, दुकानदाराची मागची उधारी किती, हे विक्रेत्याला दुकानात उभे असतानाच दिसते. नसलेल्या मालाची ऑर्डर घेऊन दुसऱ्या दिवशी बोलणी खाण्याचा प्रसंग कमी झाला. २०१६ साली यूपीआय आले आणि वसुलीचा मोठा भाग थेट खात्यात जाऊ लागला. यापूर्वी संध्याकाळी थैलीत रोकड घेऊन फिरणे जोखमीचे होते, आणि मोजणीत तूट आली तर ती विक्रेत्याच्या पगारातून कापली जाई. बिलाविषयी वाद झाला तर कारकुनाचा शब्द खरा मानला जाई. आता नोंद तरी असते. ज्या साधनाने माणसाच्या मागचा हा ताप कमी झाला, ते साधन वाईट म्हणता येत नाही.

महात्मा गांधींना यंत्राचे शत्रू मानण्याची चूक अनेकांनी केली. १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मुद्दाम सांगितला होता, कारण ते यंत्र शिवणाऱ्या व्यक्तीचे कष्ट हलके करण्यासाठी निर्माण झाले होते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तोही माणूस यंत्रावर स्वामित्व चालवू शकेल या विचारानेच. आणि यंत्राने कामाचा दिवस लहान होण्याऐवजी लांबतो कसा, याचे विवेचन कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात १८६७ सालीच करून ठेवले आहे. तिघांच्या विचारांत अंतर पुष्कळ असले तरी कसोटी एकच निघते: यंत्र कोणाच्या हातात आहे, आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो? या कसोटीवर मोबाईल घासून पाहिला पाहिजे. हे यंत्र लोहियांना अभिप्रेत होते त्याहूनही छोटे आहे. ते विक्रेत्याच्या खिशात मावते, पुष्कळदा त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले असते, आणि तरीही त्यावर स्वामित्व दुसऱ्याचेच असते.

ते कसे, हे समजून घेतले पाहिजे. कंपनीने दिलेले अॅप फोनमध्ये उतरवल्यावर विक्रेत्याचे ठिकाण उपग्रहाच्या साहाय्याने नोंदले जाते. दुकानाभोवती एक अदृश्य वर्तुळ आखलेले असते. त्या वर्तुळात पाऊल पडल्याखेरीज ऑर्डरचे पान उघडत नाही. दुकानात किती मिनिटे गेली, दोन दुकानांमध्ये किती वेळ गेला, किती भेटी ऑर्डरीविना कोरड्या गेल्या, हे सारे वरच्या साहेबाच्या पडद्यावर उमटते. एखाद्या वृद्ध दुकानदाराचे दुःख ऐकण्यात दहा मिनिटे गेली तर ती आळसाच्या खात्यात पडतात. वास्तविक धंदा त्या दहा मिनिटांवरच उभा असतो. कोणाला उधारी द्यावी आणि कोणाची थांबवावी, कोणाकडे माल पडून खराब होणार आहे, हे विक्रेत्याला अॅप सांगत नाही. तेच विक्रेत्याकडून शिकते.

दिवस संपला तरी पहारा संपतोच असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २०१५ साली एका महिला विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीवर दावा दाखल केला. कामाचे तास संपल्यावरही फोनमधील अॅप चोवीस तास आपला माग काढते म्हणून तिने ते काढून टाकले आणि त्यासाठी तिला नोकरीवरून कमी करण्यात आले, अशी तिची तक्रार होती. ही तक्रार दूरदेशीची राहिलेली नाही. आपल्याकडे औषध आणि विक्री प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने २० डिसेंबर २०२३ रोजी देशव्यापी संप केला, तेव्हा कामाच्या नियमांबरोबरच खासगीपणाच्या रक्षणाचीही मागणी पुढे आली होती. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर माग काढणारी घड्याळे बांधली. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले, त्यात अॅप इंग्रजीत असल्याचीही तक्रार होती. म्हणजे हा प्रश्न बिस्किटे विकणाऱ्यांपुरता नाही. घराबाहेर फिरून काम करणाऱ्या सर्व श्रमिकांच्या वाटेवर तो उभा आहे.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु २०२३ सालच्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचूनही वापरण्याची मुभा मालकाला देऊन ठेवली आहे. एका हाताने हक्क दिला आणि कारखान्याच्या फाटकाशी तो काढून घेतला, असा हा प्रकार आहे.

कामगार कायद्याची कहाणी याहून जुनी आणि अधिक बोधप्रद आहे. फिरता विक्रेता हा कामगार की साहेब, या वादात अनेक वर्षे गेली. त्याच्या गळ्यात टाय असे आणि हातात कातडी बॅग, म्हणून तो कामगार नव्हे, असा मालकांचा युक्तिवाद होता. प्रतिनिधींच्या संघटनांनी चिकाटीने लढा दिला आणि १९७६ साली विक्रीवृद्धी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा संसदेकडून मिळवला. नेमणुकीचे पत्र आणि हक्काची रजा त्याने दिली. आरंभी तो औषध उद्योगापुरता होता. २०११ साली साबण आणि सौंदर्यप्रसाधने, बिस्किटे, शीतपेये, रंग, विजेची उपकरणे अशा आणखी दहा उद्योगांना तो लागू झाला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वैद्यकीय प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील 'कामगार' नव्हे असा निर्णय दिला, तेव्हा या विशेष कायद्याचाच आधार उरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७६चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत विलीन झाला. औद्योगिक संबंध संहितेने विक्रीवृद्धी कर्मचाऱ्याचा समावेश 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत केला आहे, ही जमेची बाजू नोंदवली पाहिजे. पण फोनने पाळत किती वेळ ठेवावी आणि फोनने वाचलेला वेळ कोणाचा, याविषयी १९७६चा कायदा काही सांगू शकत नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या संहितांनीही हा प्रश्न हाती घेतलेला नाही.

वाघोलीतल्या विक्रेत्याची अडचण आणखी एका पायरीने वाढते. तो ज्या कंपनीचा माल विकतो, ज्या कंपनीचे अॅप चालवतो, जिच्या साहेबाची बोलणी खातो, त्या कंपनीचा तो पुष्कळदा नोकर नसतोच. पगार देतो तो स्थानिक वितरक, नाहीतर मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार. वितरकाकडे माणसे असतात सहा किंवा सात. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. ज्या काळात यंत्र माणसाचे तास वाचवते आहे त्याच काळात सरकारने कामाचा दिवस लांबवावा, यातली विसंगती अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल.

येथे कोणी म्हणेल की छोटा वितरक स्वतःच अडचणीत आहे, त्याच्यावर आणखी ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. मोठ्या भांडवलाच्या ऑनलाइन घाऊक व्यापाऱ्यांना कंपन्या स्वस्तात माल देतात म्हणून २०२१ सालाच्या अखेरीस वितरकांच्या संघटनेने आवाज उठवला आणि जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात काही कंपन्यांच्या मालावर बहिष्काराचे हत्यार उपसले. दुकानदाराने थेट फोनवरून ऑर्डर द्यावी यासाठीही कंपन्यांनी अॅप काढली आहेत. ही अॅप दुकानदाराच्या फोनमध्ये उतरवून त्याला ती शिकवण्याचे काम अनेक ठिकाणी विक्रेत्यावरच सोपवले जाते. ज्या फांदीवर बसावयाचे तीच तोडण्याची मजुरी त्याला मिळते. म्हणून आपला रोख वितरकावर असता कामा नये. ज्याचे अॅप, ज्याचे टार्गेट आणि ज्याच्या पडद्यावर माहिती साठते, जबाबदारी त्या कंपनीची. पगाराच्या कागदावर नाव कोणाचे, हा प्रश्न दुय्यम मानला पाहिजे.

तर मग मागावयाचे काय? मोबाईल बंद करा, अशी मागणी विक्रेता स्वतः कधी करणार नाही आणि आपणही करू नये. मोबाईलची नोंद दोन्ही बाजूंची असावी, ही आपली मागणी असली पाहिजे. जी नोंद माणूस उशिरा आला हे सांगते, तीच नोंद तो रात्री साडेआठपर्यंत कामावर होता हेही सांगते. आज पहिल्या गोष्टीवर पगार कापला जातो आणि दुसऱ्या गोष्टीकडे डोळेझाक होते. पेट्रोलचेच पाहा. एखादा विक्रेता दिवसाला ४५ किलोमीटर फिरतो आणि महिन्यात २६ दिवस काम करतो असे धरू. महिन्याचे ११७० किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटर आणि लिटरचा दर शंभर रुपये धरला तरी २६०० रुपये नुसते पेट्रोलला लागतात. टायर, ऑइल आणि दुरुस्ती वेगळी. फोनला प्रत्येक फर्लांग ठाऊक असतो, पण भत्ता मात्र ठोक दिला जातो. पाळत ठेवताना जे यंत्र अचूक मानावयाचे, तेच यंत्र पैसे देताना अविश्वसनीय कसे ठरते?

म्हणून पहिली मागणी अशी की विक्रेत्याच्या नोंदीची प्रत दरमहा त्याच्या हाती पडावी, आणि जादा तासांचा मोबदला व प्रवासभत्ता त्याच नोंदीवरून ठरावा. दुसरी, कामाची वेळ संपली की माग काढणे बंद व्हावे आणि रात्री आलेल्या संदेशाला उत्तर दिले नाही म्हणून कोणाला शिक्षा होऊ नये. फ्रान्समध्ये अशा हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे; आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत तशी खासगी विधेयके मांडली, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तिसरी, विक्रेत्याने बांधलेल्या लाइनवरच्या दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून ऑर्डर दिली तरी तिचे कमिशन विक्रेत्याला मिळावे, कारण ते गिऱ्हाईक त्याने वर्षानुवर्षे पायपीट करून जोडलेले असते. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, दुकानांची संख्या आणि टार्गेट विक्रेत्यांशी बोलल्याखेरीज वाढवू नये. यंत्राने वाचवलेल्या वेळाची वाटणी चर्चेने व्हावी, पडद्यावरच्या आकड्याने होऊ नये.

हे घडवून आणणे अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ही माणसे एका छपराखाली काम करीत नाहीत. त्यांना ना गेट आहे ना जेवणाची सुट्टी, की जेथे पत्रक वाटता यावे. पण हमालांनाही एक मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या ट्रकवर, अशीच त्यांची मजुरी होती. १९५५ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक अनेक असले तरी नोंदणी एका मंडळाकडे करून मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांची सोय लावता येते, हे या राज्याने देशाला दाखवून दिले. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे साधले, ते पाठीवर सॅक वाहणाऱ्यासाठी अशक्य का मानावे?

पुण्याच्या पूर्व भागातील कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच आहे. रविवारी, जेव्हा हजेरीचे छायाचित्र काढावे लागत नाही, तेव्हा या विक्रेत्यांना भेटा. त्यांचे फोन त्यांनाच उघडून दाखवू द्या. कोणत्या दिवशी काम किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले आणि किती किलोमीटर झाले, हे एका साध्या वहीत महिनाभर लिहून ठेवण्यास सांगा. शंभर विक्रेत्यांच्या शंभर वह्या कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवल्या, तर त्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलतील. कंपनीपाशी तिची नोंद आहे. आपल्या माणसापाशी त्याची नोंद नाही, ही आजची खरी विषमता आहे, आणि ती दूर करणे सुरुवातीला एका वहीच्या किमतीचे काम आहे.

बिस्किटांची लाइन करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी अशी वही घातली आहे. परवा त्यांनी ती आम्हाला दाखवली. पहिल्या पंधरवड्याची बेरीज त्यांनी स्वतःच केली होती, आणि रोजच्या नऊ तासांवरचे सारे तास लाल शाईने खुणावले होते. पानावर लाल रंगच अधिक होता. "सर, इतके तास होतात हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या फोनला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.